गंज गेला, झीज राहिली

अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं १९६५ साली एक बुटकं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. पाच गोळ्यांचं, जेमतेम दोन इंच नळीचं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं. नाव मॉडेल ६०. आकारात नवं काहीच नव्हतं. हेच रिव्हॉल्व्हर १९५० पासून ‘चीफ्स स्पेशल’ या नावानं पोलिसांच्या कमरेला आणि खिशात वावरत होतं. नवा होता तो धातू. अख्खं रिव्हॉल्व्हर स्टेनलेस स्टीलचं होतं, आणि नियमित उत्पादनात उतरलेलं या धातूचं ते पहिलंच.

संग्राहक मंडळी आजही मॉडेल ६० हाती घेतात ती त्याच्या चकाकीसाठी. सुरुवातीच्या नगांवर आरशासारखं पॉलिश असायचं, आणि त्याला जास्त किंमत मिळते. मला ती चकाकी फारशी भुलवत नाही. शस्त्राचा पराक्रम हाही इथं माझा विषय नाही. एक धातू दुसऱ्यावर घासतो ती बोटभर लांबीची जागा आणि तिथं काय घडू नये म्हणून कारागिरानं काय योजलं, यात माझा रस आहे. स्टेनलेस बंदुकीचं खरं सौंदर्य तिथं आहे आणि तिची खोडही तिथंच.

आधी हे का करावं लागलं ते पाहू. बंदुकीचा मालक गोळीबारापेक्षा गंजाशी जास्त लढतो. आपल्याकडे कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका असतात. खारी हवा आणि दारूची काजळी यांनी नळी एका पावसात कशी खाऊन टाकली जाते, हे तिथल्या जाणत्यांना सांगायला नको. अमेरिकेतल्या साध्या वेषातल्या पोलिसाची अडचण वेगळी होती. त्याचं रिव्हॉल्व्हर शर्टाच्या आत, अंगाला चिकटून. उन्हाळ्यात घामानं भिजलेली बाजू रात्रभर पुसायची राहिली, की सकाळी तिच्यावर तपकिरी ठिपके. नेहमीच्या पोलादावर ‘ब्लूइंग’ करतात, म्हणजे मुद्दाम चढवलेला काळपट निळा ऑक्साइडचा थर. दिसायला तो अप्रतिम असतो, पण घामापुढे फार टिकत नाही. त्याचा खरा उपयोग तेल धरून ठेवण्याचा. तेल पुसलं गेलं की ब्लूइंगचं निम्मं बळ गेलं.

या धातूचा जन्म बंदुकीच्याच चौकशीतून झाला, ही या कथेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीकडे १९१२ साली एका शस्त्र उत्पादकाचं गाऱ्हाणं आलं, की बंदुकांच्या नळ्या आतून फार लवकर झिजतात. तापलेले वायू आणि गोळी यांचा तो मारा. ब्रिअर्लीनं क्रोमियमचं प्रमाण बदलत बदलत पोलाद ओतून पाहिलं. १३ ऑगस्ट १९१३ च्या ओतात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी नमुना आम्लानं कोरावा लागतो. या नमुन्यावर आम्ल चालेना. झिजेचं उत्तर शोधताना गंजाचं उत्तर हाती लागलं. ते पोलाद गेलं सुऱ्या-काट्यांकडे. रिव्हॉल्व्हरवर सर्वांगी यायला त्याला आणखी पन्नासेक वर्षं लागली, आणि आलं तेव्हा झिजेचा मूळ प्रश्न वेगळ्या रूपात त्याच्याबरोबरच आला.

स्टेनलेस गंजत नाही, कारण त्याच्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतं. जाडी दोन-तीन नॅनोमीटर. दुधावरची साय काढली तरी पुन्हा धरते, तसा हा पापुद्रा खरवडला तरी लगेच पुन्हा जमतो. पण त्यासाठी हवा लागते. दोन स्टेनलेस पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांवर सरकतात तेव्हा त्यांच्या सूक्ष्म उंचवट्यांवरचा पापुद्रा फाटतो, आणि मधे हवा नसते. उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि दोन्ही एकजीव होतात. वितळायची गरजच पडत नाही; थंडपणी जडलेलं ते वेल्डिंगच. पुढच्या सरकण्यात तो सांधा तुटतो, पण तुटताना मूळ सांध्यावर न तुटता शेजारचा धातू ओरबाडून नेतो. ओरबाडलेला कण आता या बाजूवर उंचवटा होऊन बसतो, रगडला जाऊन आणखी कडक होतो आणि पुढच्या फेरीत समोरची बाजू नांगरत जातो. याला गॉलिंग म्हणतात. ही झीज हळूहळू होत नाही, हे तिचं वैशिष्ट्य. शंभर वेळा काही नाही, आणि एकशेएकाव्या वेळी धरलं की धरलं.

बंदूक ज्यांनी कधी पाहिली नाही, त्यांनीही हे पाहिलेलं असतं. दूध संघातल्या किंवा औषध कारखान्यातल्या कुठल्याही फिटरला विचारा. एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, बोल्टवर एसएसचा नट कोरडाच मशीननं गर्रकन चढवला, तर अर्ध्यावर धरतो. पुढे जात नाही, मागे येत नाही. शेवटी ग्राइंडर लावून कापावा लागतो. म्हणून जाणता फिटर आट्यांना आधी अँटी-सीझ पेस्ट लावतो आणि नट हातानं, सावकाश चढवतो.

आता मॉडेल ६० उघडू. उजव्या बाजूची साइड प्लेट स्क्रू काढून उतरवली की आतला कारभार दिसतो. घोडा, चाप, ओढलेल्या चापाला पुन्हा पुढे ढकलणारा स्प्रिंगचा सरकता ठोकळा, आणि सिलिंडरला एकेक घर पुढे नेणारी लहानशी पट्टी. चाप ओढताना त्याचं नाक घोड्याच्या खाचेवर सरकतं, वर मुख्य स्प्रिंगचा पूर्ण जोर. दाब आहे, सरकणं आहे, आणि जागा सुईच्या टोकाएवढी. गॉलिंगला हवं ते सगळं इथं एकत्र आलेलं आहे. आणि नेमकं इथंच कंपनीनं आपली शुद्धता बाजूला ठेवली आहे. या घराण्यातल्या स्टेनलेस रिव्हॉल्व्हरांमध्ये घोडा आणि चाप पुष्कळदा स्टेनलेसचे नसतातच. ते असतात नेहमीच्या कार्बन पोलादाचे, वरून कडक केलेले आणि त्यावर क्रोमचा पातळ मुलामा दिलेले. लांबून सगळं एकाच धातूचं वाटावं एवढ्यासाठी तो मुलामा. जवळून पाहिलं तर घोड्याचा रंग चौकटीच्या रंगापेक्षा किंचित वेगळा, थोडा करडा-निळसर भासतो.

मला हा रंगातला फरक फार सुंदर वाटतो. जाहिरात म्हणते ‘संपूर्ण स्टेनलेस’, आणि आत बसलेला कारागीर म्हणतो, घासणाऱ्या दोन भागांनी एका कुळातलं असू नये. घामाचा हात जिथं लागतो तिथं स्टेनलेस, दाबाची घासाघीस जिथं आहे तिथं कार्बन पोलाद. शुद्धतेचा हट्ट धरणारे काही संग्राहक या मुलाम्याला नाकं मुरडतात. त्यांनी एकदा चाप ओढून पाहावा.

रिव्हॉल्व्हरची एक सोयही आहे. त्यातलं बहुतेक सगळं माणसाच्या बोटाच्या वेगानं हलतं. सिलिंडर एका वेळी पाचवा हिस्सा फिरतो आणि थांबतो. खरी परीक्षा लागते ती पिस्तुलात.

जॉन ब्राउनिंगनं घडवलेलं .४५ चं पिस्तूल अमेरिकी सैन्यानं २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत त्यातून सहा हजार गोळ्या झाडल्या. तापलं की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा झाडायचे, आणि ते एकदाही अडलं नाही. या पिस्तुलाच्या वरच्या भागाला स्लाइड म्हणतात. प्रत्येक गोळीला ही स्लाइड सुमारे दोन इंच मागे झेपावते, रिकामं काडतूस फेकते आणि नवं घेऊन परत येते. ती धावते फ्रेमवर, म्हणजे खालच्या चौकटीवर, कापलेल्या दोन लांब रेलवर. सैन्यातलं पिस्तूल होतं कार्बन पोलादाचं. दुसऱ्या महायुद्धात त्यावर पार्करायझिंग असे, म्हणजे फॉस्फेटचा करडा, खरबरीत थर. दिसायला ओबडधोबड, पण त्याच्या बारीक स्फटिकांमध्ये तेल मुरून राहतं. शिपायानं आठवडाभर तेल घातलं नाही तरी रेल पूर्ण कोरडी पडत नसे. कुरूप म्हणून हिणवलेल्या त्या थरानं किती पिस्तुलं वाचवली असतील!

१९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया मशीन अँड टूल, म्हणजे एएमटी कंपनीनं हेच पिस्तूल स्लाइड-फ्रेमसकट स्टेनलेसमध्ये आणलं. त्याचं नाव हार्डबॉलर. कंपनीमागचा माणूस हॅरी सॅनफर्ड. त्याआधी ‘ऑटो मॅग’ नावाचं दांडगं स्टेनलेस पिस्तूल काढून हात पोळून घेतलेला. हार्डबॉलरचा लांब नळीचा अवतार जगानं पाहिला १९८४ च्या ‘द टर्मिनेटर’ चित्रपटात, वर लेझरचं यंत्र बसवलेला. पडद्यावर ते पिस्तूल देखणं दिसलं. बाकावर मात्र त्याचं नाव झालं ते गॉलिंगसाठी. स्लाइड आणि फ्रेम जवळपास एकाच जातीच्या, एकाच कडकपणाच्या पोलादाच्या. पृष्ठभाग गुळगुळीत, तेल धरायला ना फॉस्फेट ना ब्लूइंग. ब्राउनिंगचा आराखडा जसाच्या तसा उचलला, पण त्या आराखड्यात कार्बन पोलाद आणि त्याचा तेलकट थर गृहीत धरलेला होता, ते गृहीतक तेवढं मागे राहिलं.

टेक्ससमध्ये राहणाऱ्या आतेभावाच्या ओळखीनं एका गनस्मिथच्या बाकावर असं एक धरलेलं पिस्तूल मला उघडून पाहायला मिळालं. कोणत्या कंपनीचं, याला इथं महत्त्व नाही. डाव्या रेलवर, मागच्या टोकापासून थोडं आत, धातू पेरभर लांबीत ओरबाडलेला होता. नख पुढून मागे फिरवलं तर काही नाही. मागून पुढे आणलं तर अडकलं. गनस्मिथनं कापसाचा बोळा रेलवरून ओढला आणि कापसाचे तंतू एकाच ठिकाणी अडकून राहिले. मग त्यानं भिंगातून स्लाइडमधली समोरची खाच दाखवली. रेलवरून गेलेला धातू तिथं डोंगरासारखा चिकटून बसला होता. बारीक ऑइलस्टोन घेऊन त्यानं तो उंचवटा तेवढा उतरवला, रेलवरच्या खड्ड्याला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाला, “खड्डा असू दे, तेल राहायला जागा झाली.”

त्याच्या या उत्तरात पृष्ठभागशास्त्राचा एक मोठा भाग आलेला आहे. आपल्याला वाटतं, घासायचंच आहे तर जितकं गुळगुळीत तितकं बरं. स्टेनलेसच्या बाबतीत आरशासारखं पॉलिश उलट अंगाशी येतं, कारण दोन सपाट, चकचकीत पृष्ठभागांमध्ये तेल थांबतच नाही आणि खरा स्पर्श वाढतो. थोडी खडबड हवी, पण उंचवटे टोकदार नकोत. मॉडेल ६० च्या आरसा-पॉलिशबद्दल मी सुरुवातीला नाक मुरडलं ते काही नुसत्या आवडीनिवडीतून नाही.

हार्डबॉलरनंतर बाकीच्यांनी धडा घेतला, आणि इथून पुढचा भाग धातूशास्त्राचा असला तरी रसिकाला सुखावणारा आहे. पहिला उपाय, स्लाइड आणि फ्रेम वेगवेगळ्या कडकपणाच्या करायच्या. अभियांत्रिकीच्या पुस्तिकांत दोन्हींमध्ये कडकपणाच्या ब्रिनेल मापावर निदान ५० चं अंतर ठेवा असा सल्ला वारंवार दिसतो. दुसरा उपाय, पोलादाची जातच वेगळी घ्यायची. एका बाजूला ४१६ जातीचं स्टेनलेस घेतलं तर त्यात मुद्दाम गंधक घातलेलं असतं. गंधक मँगेनीजशी जुळून धातूत बारीक सल्फाइडच्या कण्या तयार करतं. लेथवर कापताना चिप सहज तुटावी म्हणून ही योजना, पण त्याच कण्या घासताना थोडं वंगणाचंही काम करतात. त्याची किंमतही मोजावी लागते. गंधकामुळे ४१६ गंजाला थोडं हळवं होतं. समोरच्या बाजूला १७-४ पीएच घेता येतं. सतरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, चार टक्के निकेल, थोडं तांबं, आणि भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून पाहिजे तेवढा कडकपणा. एक गंधकी, एक तांबट. एक मऊ, एक कडक. हा संसार बरा चालतो.

तिसरी वाट आर्मको कंपनीनं विकसित केलेल्या नायट्रॉनिक ६० या मिश्रधातूची. त्यात आठेक टक्के मँगेनीज आणि चारेक टक्के सिलिकॉन आहे, आणि तो खास गॉलिंगला तोंड देण्यासाठीच ओळखला जातो. व्हॉल्व्ह आणि पंपांमध्ये त्याला मान आहे. अख्खं पिस्तूल त्याचं करण्यापेक्षा घासणारा एखादा भाग त्याचा करणं शहाणपणाचं.

कोणती जोडी किती दाबाला धरते हे मोजायची अमेरिकी प्रमाण चाचणी आहे, एएसटीएम जी ९८. मला ती चाचणी फार आवडते. एका धातूचं सपाट बटण दुसऱ्या धातूच्या ठोकळ्यावर ठरलेल्या दाबानं टेकवायचं, एकदा पूर्ण वर्तुळ फिरवायचं, उचलायचं आणि नुसत्या डोळ्यांनी पाहायचं, की ओरबाडलं आहे का. सूक्ष्मदर्शक नको, संगणक नको. नाही ओरबाडलं, तर दाब वाढवून नवा नमुना घ्यायचा. एवढ्या पुढारलेल्या शास्त्रानं शेवटचा निवाडा पाहणाऱ्याच्या नजरेवर सोडला, याचं मला कौतुक आहे.

तेलाबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात आणि सर्वांत कमी समजून घेतात. कित्येकांच्या घरी बंदुकीला शिलाई मशीनचं तेल घालतात. पातळ, स्वच्छ, वास नसलेलं. ब्लूइंग केलेल्या बंदुकीला ते चालून जातं. स्टेनलेसच्या रेलवर ते थांबत नाही. पिस्तूल कपाटात उभं ठेवलं की रात्रीतून खाली ओघळतं आणि वरचा भाग कोरडा पडतो. दुसरी अडचण रसायनाची. भारी दाबासाठीच्या तेलांत गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घालतात, ती लोखंडाच्या पृष्ठभागाशी जुळून तिथं एक संरक्षक थर धरतात. स्टेनलेसवर आधीच क्रोमियमचा पापुद्रा बसलेला. तो या द्रव्यांना दाद देत नाही. जो गुण गंज दूर ठेवतो तोच गुण वंगणालाही दूर ठेवतो. क्लोरीनची द्रव्यं स्टेनलेसवर चांगली चालतात, पत्र्यातून खोल भांडी ओढताना अशी तेलं वापरली गेली आहेत. पण ती नीट पुसली नाहीत तर क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात. घामातलं मीठही तेच करतं. म्हणून स्टेनलेस म्हटलं तरी मुठीच्या लाकडी फळ्यांखाली, जिथं घाम झिरपतो आणि हवा खेळत नाही, तिथं ठिपके सापडतात.

मग उपाय काय? रेलवर आणि नळी जिथं स्लाइडमध्ये अडकते त्या खाचांवर जाडसर ग्रीस, शक्य तर मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवर सरकतात असं सगळेच लिहितात, त्यामुळे मी लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्याला धातूशी रासायनिक मैत्री करावी लागत नाही, म्हणून स्टेनलेसवरही ते काम करतं. फार थंडीत ग्रीस घट्ट होऊन स्लाइड मंदावते, तिथं थोडं पातळ घ्यावं. चापाच्या यंत्रणेत मात्र ग्रीस कोंबू नये. तिथं तेलाचा एक थेंब बस. नव्या पिस्तुलाच्या पहिल्या काही शे गोळ्यांपर्यंत वंगण दर वेळी पाहावं, कारण तेव्हा उंचवटे एकमेकांत बसायचे असतात आणि धरायचा धोका सर्वांत जास्त असतो.

ब्लूइंगच्या बंदुकीत तेल ही निगा आहे. स्टेनलेसच्या पिस्तुलात तेल हा एक सुटा भागच आहे, स्प्रिंग किंवा पिन असावी तसा. तो नसेल तर यंत्र अपुरं आहे, मग वरून ते कितीही स्वच्छ दिसो. ‘न गंजणारं आहे, काय करायचंय तेल घालून’ असं म्हणणाऱ्या मालकानं पिस्तुलातून एक भाग काढून टाकलेला असतो.

माझं मत विचाराल तर हार्डबॉलरला मी अयशस्वी म्हणणार नाही. ते धाडसी होतं, आणि त्यानं पुढच्या सगळ्यांना कडकपणाचं अंतर राखायला शिकवलं. पण कलाकृती म्हणून माझी पसंती मॉडेल ६० लाच. जिथं घासतं तिथं त्यानं आपल्या धातूचा अभिमान सोडला. १९९६ मध्ये ते .३५७ मॅग्नम काडतुसासाठी आलं, चौकट भारदस्त झाली, आणि ते अजून बनतं आहे.

परवानाधारक वाचकांपैकी कुणाकडे जुनं स्टेनलेस पिस्तूल असेल, तर ते रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, स्लाइड उतरवा आणि दोन्ही रेलवरून मागून पुढे नख फिरवून पाहा. नख कुठं अडकलं तर ग्रीस लावून भागणार नाही. आधी ते जाणत्या गनस्मिथला दाखवा.